कोंडवाडा (मराठवाडा)

कोंडवाडा : मोकाट किंवा परक्या पिकात शिरलेली गुरे धनी येईपर्यंत कोंडून ठेवण्याची सार्वजनिक जागा. गावात ती ग्रामपंचायतीकडे, शहरात नगरपालिकेकडे असते. पूर, भूकंप, दुष्काळ व साथ यांत सुटलेल्या जनावरांचा भारही तिच्यावरच पडतो.

कोंडवाडा हा शब्द ‘कोंडणे’ व ‘वाडा’ यांपासून बनला. वाद आहे तो ‘कांजीहाऊस’ या पर्यायी नावाचा. एका मतानुसार ‘काइन’ या गुरांसाठीच्या जुन्या इंग्रजी शब्दाचा तो अपभ्रंश होय. यूल व बर्नेल यांच्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात (१८८६) मात्र हे पलटणीतील कोठडीचे नाव असून तेथील कैद्यांना मिळणाऱ्या कांजीवरून ते पडल्याचे म्हटले आहे. गुरांच्या जागेस ते मागाहून लागले असावे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण ‘काइन’ हा शब्द तोपर्यंत इंग्रजी बोलण्यातून जवळजवळ गेला होता.

कोंडवाड्याचा मुख्य कायदा १८७१ चा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ‘ब’ वर्ग राज्यांत (मुख्यतः जुन्या संस्थानांच्या राज्यांत) असलेले प्रदेश त्याच्या विस्तार-कलमात वगळलेले आढळतात. हैदराबाद संस्थान ‘ब’ वर्गात मोडत असल्याने मराठवाड्यातील त्याचा अंमल राज्यपुनर्रचनेनंतरचा मानणे सयुक्तिक होय. या कायद्यानुसार पिकात धरलेले जनावर चोवीस तासांत कोंडवाड्यात पोचवावे लागते. सात दिवसांत धनी न आल्यास पोलीस ठाण्यास कळवून नोटीस लावतात आणि आणखी सात दिवसांनी जाहीर लिलाव होतो.

ही सारी रचना निष्काळजी धनी गृहीत धरते. पुराचे पाणी गोठ्यात शिरताच दावे कापून गुरे सोडणारा शेतकरी मात्र दोषी नव्हे, आणि त्याच्याकडून दंड व खुराकी वसूल करणे न्यायाला धरून नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली; धनीच उरला नसेल तर या कायद्याजवळ लिलावाखेरीज उत्तर नाही. दुष्काळातील चारा छावणीत जनावराची नोंद धन्याच्या नावाने होते, त्यामुळे बेवारस गुराला तेथे दावण मिळणे कठीण. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर भाकड बैल सोडून देण्याचे प्रमाण वाढल्याचे अनेक जण सांगतात. चारा-पाण्याची टंचाई हेही तितकेच बळकट कारण दिसते.

खरा पेच ओळखीचा असतो. कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक असल्यास धनी सापडतो, नसल्यास पंचनाम्यातील वर्णनावर भिस्त राहते. देवणी या गोजातीच्या जनावराच्या बाबतीत वानेरा (काळ्या तोंडाचे), बालंक्या (पूर्ण पांढरे) व शेवेरा (काळ्या ठिपक्यांचे) हे भेद लिहिल्यास बरेच साधते. लाल कंधारी ही गोजात मात्र बहुतांशी एकरंगी असल्याने तेथे शिंगांची ठेवण, डागाची खूण किंवा वेसण पाहावी लागते. आपत्तीत जनावर दगावल्यास मिळणारी सरकारी मदत याच नोंदीवर अवलंबून असते : २०२२ ते २०२६ च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीस ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलास ३२,००० रुपये व शेळी-मेंढीस ४,००० रुपये ठरले होते, आणि पंचनाम्याआधी मृत जनावर पुरले तर दावा सिद्ध करणे अवघड जाते.

साथीत कोंडवाडा उलट धोक्याचा ठरतो. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगाच्या वेळी राज्यात बैलबाजार बंद ठेवून गुरांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले गेले होते. अशा काळात अनोळखी गुरे एकाच गव्हाणीवर आणणे टाळून आजारी जनावर वेगळे बांधावे लागते आणि गोचीड-माश्यांवर फवारणी करावी लागते.