वहिनींच्या फाइलमधले चार कागद

सरकारी शाळेतल्या शिक्षकांना कामाच्या मानाने पगार बरोबर मिळतो का, हा विषय आमच्या इंदूरच्या सुदामानगरमधल्या घरी निघाला की वाद ठरलेला. काकांचं म्हणणं असतं की साठ-सत्तर हजार घेतात, शाळेत पोरं चाळीस, अजून काय पाहिजे. वहिनी वाद घालत नाहीत, उठून आतल्या कपाटातून एक निळी फाइल आणतात आणि काकांच्या पुढ्यात ठेवतात. त्यात चार कागद आहेत, १९९८ चा, २००१ चा, २००७ चा आणि २०१८ चा. वहिनी पहिल्या दिवसापासून पहिली ते पाचवीच शिकवतात, फळा, बाराखडी, पाढे, काहीच बदललेलं नाही, पण पहिल्या दोन कागदांवर त्या शिक्षाकर्मी वर्ग ३ (वर्ग म्हणजे इयत्ता नव्हे, पदाची श्रेणी), तिसऱ्यावर सहायक अध्यापक, चौथ्यावर प्राथमिक शिक्षक. काम एक, नावं तीन, आणि पगार नावाप्रमाणे.

मध्य प्रदेशात शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न समजून घ्यायचा तर ही नावं कुठून आली ते बघावं लागतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत शिक्षकी पेशा पिढ्यानपिढ्या चालत आलाय, एखादी आत्या, मावशी, आजोबा शाळेत होतेच, त्यामुळे हे आपल्याच घरातलं प्रकरण आहे.

आधीचा जमाना आमच्या आत्याचा. ती १९७९ मध्ये सहायक शिक्षिका म्हणून लागली, शिक्षण विभागाची कर्मचारी, सर्विस बुक, इन्क्रीमेंट, जीपीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी, मेडिकल रजा, सगळं. पगार फार नव्हता, तिची पहिली काही वर्षं ओढाताणीचीच गेली, पण दर वेतन आयोगाला वाढत गेला आणि मुख्य म्हणजे शेवटी पेन्शन होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने स्पष्ट सांगितलं होतं की चांगली माणसं या पेशात यायला हवी असतील तर शिक्षकांचे पगार वाढवा, त्यांची प्रतिष्ठा वाढवा. ते पूर्ण कधीच झालं नाही, पण निदान दिशा ती होती. आत्याच्या शाळेत सहायक शिक्षक, उच्च श्रेणी शिक्षक, व्याख्याता अशा तीनच पायऱ्या होत्या आणि एका पायरीवरच्या सगळ्यांची स्केल एक.

मग आलं नव्वदचं दशक. इथे एकाच वेळी बऱ्याच गोष्टी झाल्या आणि त्या एकत्र बघितल्याशिवाय पुढचं कळत नाही. पंचायतींना अधिकार देणारी ७३ वी घटनादुरुस्ती झाली, मध्य प्रदेशाचा नवा पंचायत राज कायदा १९९३ चा, दिग्विजय सिंह यांचं सरकार नुकतंच आलेलं, आणि शाळा पंचायतींकडे द्यायच्या असं ठरलं. १९९४ मध्ये डीपीईपी म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात मध्य प्रदेश पहिल्या राज्यांमध्ये होता, म्हणजे नव्या शाळा भरपूर उघडायच्या होत्या. वर १ जानेवारी १९९६ पासून पाचवा वेतन आयोग, त्याने जुन्या कर्मचाऱ्यांचे पगार एकदम चढले आणि राज्याच्या तिजोरीवर ताण आला. शाळा हव्यात, शिक्षक हवेत, पण पूर्ण पगाराचे शिक्षक नकोत, यावर जो तोडगा निघाला त्याचं नाव शिक्षाकर्मी.

शिक्षाकर्मी हा शिक्षण विभागाचा नव्हे, जनपद म्हणजे तालुक्याच्या पातळीवरच्या पंचायतीचा किंवा जिल्हा पंचायतीचा माणूस. सुरुवातीला नुसतं मानधन, १९९७ चे भरतीचे नियम आले त्यानंतर वर्ग ३ ला ८००-१२००, वर्ग २ ला १०००-१६०० आणि वर्ग १ ला १२००-२००० अशी स्केल. आणि त्याच काळात पाचव्या आयोगानंतर जुन्या सहायक शिक्षकाची स्केल होती ४०००-६०००. म्हणजे एकाच शाळेत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांमध्ये पाचपट फरक. जुन्या शिक्षकांच्या पदांना डाइंग कॅडर म्हटलं गेलं, मरत जाणारा संवर्ग, एक रिटायर झाला की त्या जागी पुन्हा तसा माणूस घ्यायचा नाही. मला हा शब्द पहिल्यांदा आत्याकडून कळला तेव्हा अंगावर काटा आला होता. ती तेव्हा जिवंत होती, रोज शाळेत जात होती, आणि तिच्या पदाला कागदावर मरणारं म्हटलेलं होतं.

वहिनी १९९८ च्या भरतीतल्या. पोस्टिंग देपालपूरकडच्या एका गावात. गंगवाल बस स्टँडवरून सकाळची बस, मग दोन किलोमीटर पायी. हातात येणारे पैसे हजाराच्या आसपास आणि त्यातले चारशेच्या वर बसभाड्यात जायचे, पावसाळ्यात रस्ता बंद झाला की ट्रॅक्टरवाल्याला दहा रुपये वेगळे. पगार जनपदमधून यायचा आणि जनपदकडे पैसा आला की यायचा, एकदा चार महिने आला नाही तेव्हा वहिनींनी मंगळसूत्रातले मणी विकले, हे त्यांनी दादालाही खूप वर्षांनी सांगितलं. त्या शाळेत एक जुने सहायक शिक्षक होते, फार भले माणूस, ते पगाराच्या दिवशी मुद्दाम उशिरा सही करायला जायचे, म्हणजे वहिनींच्या समोर रजिस्टरवर आकडा दिसायला नको.

याहून खालची पायरी पण होती. १ जानेवारी १९९७ ला शिक्षा गारंटी योजना सुरू झाली. कल्पना खरंच चांगली होती, हे मान्य करायला हवं. ज्या वस्तीला एक किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि जिथे ४० मुलं आहेत, आदिवासी भागात २५, तिथल्या लोकांनी मागणी केली की ९० दिवसांत शासनाने शाळा द्यायची. अशा २६,००० च्या वर शाळा निघाल्या, झाबुआ-बडवानीच्या टेकड्यांवर जिथे कधी पाटी पोचली नव्हती तिथे पोचली, १९९८ मध्ये राष्ट्रकुलाच्या पातळीवरचा पुरस्कारही मिळाला. पण ही सगळी इमारत ज्याच्या खांद्यावर उभी होती त्या गुरुजीला मिळायचे महिन्याला ५०० रुपये. पुढे १,०००, मग २,५००. आपण ज्याला गुरुजी म्हणून पाया पडतो तो शब्द मध्य प्रदेशात सरकारी पगाराची सगळ्यात खालची पायरी झाला, ही गोष्ट मला अजूनही पचत नाही. लोक म्हणतात गावातलाच बारावी पास पोरगा होता, ट्रेनिंग थोड्या दिवसांचं, तर किती देणार. बरं, पण तो शिकवत तर होता ना, आणि पोरं तर तीच होती, पहिलीची.

२००१ पासून आणखी एक नाव आलं, संविदा शाला शिक्षक. म्हणजे सरळ कंत्राट, तीन वर्षांचं, वर्ग ३ ला २,५००, वर्ग २ ला ३,५००, वर्ग १ ला ४,५०० एकरकमी. महागाई भत्ता नाही, इन्क्रीमेंट नाही. वर्ग १ म्हणजे अकरावी-बारावीला फिजिक्स, गणित शिकवणारा पोस्ट ग्रॅज्युएट माणूस, ४,५०० मध्ये. २००३ ला सरकार बदललं, पण संविदा राहिली, २००५ मध्ये नवे नियम आले. आणि १ जानेवारी २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शनही बंद झाली.

इथून पुढची दहा वर्षं म्हणजे मोर्चे, धरणं, ज्ञापन आणि घोषणा. १ एप्रिल २००७ ला अध्यापक संवर्ग तयार झाला, शिक्षाकर्मी आणि तीन वर्षं झालेले संविदावाले त्यात घेतले, सहायक अध्यापक, अध्यापक, वरिष्ठ अध्यापक. वहिनींचा तिसरा कागद तो. स्केल सुधारली, पण नोकरी अजून पंचायतीचीच, शहरात असाल तर नगर निगमची. शिक्षकांची मागणी साधी होती, समान काम समान वेतन आणि शिक्षण विभागात संविलियन, म्हणजे आम्हाला विभागात सामावून घ्या. २०१३ मध्ये मोठा संप झाला, मग जुन्या शिक्षकांच्या बरोबरीचा पगार हप्त्याहप्त्याने देऊ असं ठरलं, २०१५ मध्ये पुन्हा संप. सहावा वेतनमान मिळाला तो १ जानेवारी २०१६ पासून, तेव्हा केंद्रात सातवा आयोग सुरू होत होता. एक पूर्ण आयोग मागे.

जानेवारी २०१८ मध्ये भोपाळला महिला अध्यापकांनी मुंडण केलं. आमच्याकडे टीव्हीवर ते चाललं होतं आणि वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत, पोळ्या करत राहिल्या. त्यांच्या शाळा-संकुलातली एक मैत्रीण त्यात होती. त्याच महिन्यात मुख्यमंत्री शिवराज सिंह चौहान यांनी संविलियनची घोषणा केली आणि १ जुलै २०१८ पासून दोन लाखांहून जास्त अध्यापक शासनाच्या नव्या शिक्षक संवर्गात आले, प्राथमिक शिक्षक, माध्यमिक शिक्षक, उच्च माध्यमिक शिक्षक. सातवा वेतनमान मिळाला. लागल्यापासून वीस वर्षांनी.

आता काकांच्या साठ-सत्तर हजारांबद्दल. वहिनींना आज हातात साठच्या थोडं वर येतं, आणि मी खोटं बोलणार नाही, ते वाईट नाही. दादाच्या ओळखीत प्रायव्हेट शाळेत बारा-पंधरा हजारांवर शिकवणाऱ्या मुली आहेत, त्यांच्यापुढे हा पगार मोठाच. पण प्रायव्हेटमध्ये कमी देतात म्हणून सरकारी पगार जास्त ठरत नाही, उलट प्रायव्हेटवाल्यांना कमी देता येतं ते सरकारनेच शिक्षकाची किंमत ५०० रुपये लावून दाखवली म्हणून, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आणि आज मिळतात त्या साठ हजारांत मागची वीस वर्षं भरून निघत नाहीत. त्याचे एरियर्स नाहीत.

नवीन लागणाऱ्यांचं बघा. माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शिक्षकांच्या २०१८ ला निघालेल्या भरतीचे नियुक्ती आदेश मिळाले ऑक्टोबर २०२१ मध्ये. मधल्या काळात, डिसेंबर २०१९ मध्ये, कमलनाथ सरकारने नियम केला की नव्या माणसाला पहिल्या वर्षी त्याच्या स्केलमधल्या किमान वेतनाच्या ७० टक्के, दुसऱ्या वर्षी ८०, तिसऱ्या वर्षी ९० आणि मग पूर्ण. माध्यमिक शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३२,८००, त्याचे ७० टक्के २२,९६०. मुलांना ७० टक्के शिकवा असं मात्र कोणी म्हटलं नाही.

आणि त्याच्याही खाली अतिथी शिक्षक. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचं मानधन दुप्पट केलं, वर्ग ३ चं ५,००० वरून १०,०००, वर्ग २ चं ७,००० वरून १४,०००, वर्ग १ चं ९,००० वरून १८,०००. दुप्पट म्हटल्यावर मोठं वाटतं, पण २०२३ च्या ऑगस्टपर्यंत डीएड झालेली मुलगी ५,००० वर शिकवत होती हा त्याचा दुसरा अर्थ. सत्र संपलं की काम बंद, पुढच्या सत्राला पुन्हा पोर्टल, स्कोअर कार्ड, जॉइनिंग. वहिनींच्या शाळेत अशी एक आहे, एप्रिल संपत आला की तिची चिडचिड सुरू होते, उन्हाळ्यात ती घरी शिलाई करते.

कोर्टाकडून आशा होती. २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही समान वेतन हवं. तेच म्हणणं बिहारच्या साडेतीन लाखांच्या आसपास नियोजित, म्हणजे कंत्राटी पद्धतीने घेतलेल्या, शिक्षकांच्या बाजूने पाटणा हायकोर्टात २०१७ मध्ये चाललं, पण मे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. तो दिवस इथल्या शिक्षकांच्या ग्रुपवर फार जड गेला होता, कारण बिहारचं प्रकरण आपलंच वाटत होतं.

कामाचं म्हणाल तर शिकवणं हा त्यातला एक भाग. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं ठेवली आहेत, पण ती एवढीच पण कमी नाहीत. वहिनी बीएलओ आहेत, म्हणजे एका बूथच्या मतदार यादीचं काम त्यांच्याकडे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदार यादीचं विशेष पुनरीक्षण सुरू झालं तेव्हा त्या रात्री नऊला घरी यायच्या, पायात सूज, पिशवीत फॉर्म, आणि जेवता जेवता मोबाईलवर अपलोड. बीएलओचं मानधन २०२५ मध्येच वर्षाला ६,००० चं १२,००० झालं, महिन्याला हजार. मधे शाळेतली तिसरी आणि चौथी एकत्र बसवलेली.

गेल्या दिवाळीत आत्या आली होती. वय झालंय, पण महिन्याच्या पहिल्या तारखेला बँकेत स्वतः जाते, पेन्शन जमा झाल्याची पासबुकात एंट्री करून घेते. तिने वहिनींना विचारलं, तुझी सर्विस कधीपासून धरतात गं? वहिनी म्हणाल्या, मी धरते १९९८ पासून, ते धरतात २०१८ पासून. नियुक्तीच्या पहिल्या तारखेपासून वरिष्ठता द्या, ही मागणी आजही चालू आहे, आणि त्यामुळेच जुनी पेन्शन वहिनींना नाही. आत्याने फाइल मागून घेतली, चष्मा लावला, १९९८ चा कागद बाहेर काढला आणि त्याची घडी जिथे फाटत आली होती तिथे मागून सेलोटेप लावून दिली.