अतिवेगवान रेल्वे आणि खानदेश

ताशी २५० कि.मी. किंवा त्याहून अधिक वेगासाठी मुद्दाम बांधलेले नवे लोहमार्ग आणि ताशी २०० कि.मी.च्या आसपास वेग पेलेल इतके सुधारलेले जुने लोहमार्ग, या दोहोंना आंतरराष्ट्रीय रेल्वे संघ ‘अतिवेगवान रेल्वे’ म्हणतो. या व्याख्येत बसणारा एकही मार्ग आज खानदेशात नाही. महाराष्ट्राशी संबंधित ज्या दोन मार्गांची सर्वाधिक चर्चा होते, ते दोन्ही खानदेशाला वळसा घालून जातात. मुंबई–अहमदाबाद हा बांधकाम सुरू असलेला बुलेट ट्रेनचा मार्ग पश्चिमेकडून सुरतेवरून जातो. मुंबई–नागपूर हा प्रस्तावित मार्ग दक्षिणेकडून नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना असा समृद्धी महामार्गाच्या सोबतीने जायचा आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे या दोन रेषांच्या बेचक्यात राहतात. त्यामुळे जवळून जाणाऱ्या वेगाचा आपल्याला काय उपयोग, हाच खानदेशापुरता खरा प्रश्न आहे.

रुळांनी घडवलेली आणि चुकवलेली गावे

रेल्वे कुठून जाते यावर गावांचे नशीब कसे फिरते, हे पाहायला खानदेशी माणसाला जपान-फ्रान्सला जायची गरज नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा लोहमार्ग थळ (कसारा) घाट चढून १८६० च्या दशकात तापीच्या खोऱ्यात उतरला. भुसावळला त्याला दोन फाटे फुटले. एक १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तर दुसरा खंडवा-इटारसीवरून जबलपूरकडे गेला आणि १८७० मध्ये त्याच वाटेने मुंबई-कलकत्ता जोडले गेले. भुसावळ तोवर एक साधे खेडे होते. जंक्शनमागोमाग तिथे यार्ड आले, इंजिनांचे शेड आले, रेल्वेच्या वसाहती उठल्या आणि पुढे विभागीय कार्यालयही आले. आजही शहराचे घड्याळ शिफ्टवर चालते.

धुळ्याची गोष्ट उलटी आहे. ब्रिटिश काळात खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे धुळे होते, पण मुख्य लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा गेला. धुळ्याच्या वाट्याला १९०० मध्ये चाळीसगावहून ५६ कि.मी.चा फाटा आला, तोही धुळ्यात संपणारा. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा पूर्व खानदेशाचे ठाणे म्हणून रुळांवरचे जळगाव पुढे आले. सोने, डाळमिल, केळी, पाइप यांच्या व्यापारात जळगावने पुढे जी झेप घेतली तिचे सगळे श्रेय रेल्वेला देणे चूक ठरेल. पण ते रेल्वेवाचून घडले असते असे म्हणणेही अवघड आहे. मुंबईहून रेल्वेने निघालेला धुळेकर आजही बहुधा चाळीसगावला उतरतो, बोचकी घेऊन जिना चढतो आणि मेमूची वाट बघतो. नाहीतर हे सगळे टाळून तो सरळ एस.टी. किंवा ट्रॅव्हल्स पकडतो. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात मिळतात, त्यामुळे हे शहर मोठे झाले ते डांबरी रस्त्यावर.

तिसरी गोष्ट तापी खोऱ्यातल्या मार्गाची. विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव असा हा मार्ग आला आणि जळगावला मुख्य मार्गाला मिळाला. शतकाहून अधिक काळ तो एकेरीच होता. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला कुठल्या तरी लहान स्थानकात अर्धा-पाऊण तास थांबणे हा प्रवासाचाच भाग समजला जाई. उधना (सुरत)–जळगाव हा सुमारे ३०७ कि.मी.चा टप्पा २०१८ मध्ये दुहेरी झाला. या मार्गावरच्या नवापूर स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तिथल्या एका बाकावरून राज्याची सीमा जाते आणि दोन माणसे दोन राज्यांत बसून एकच चहा वाटून पिऊ शकतात. नंदुरबारकडचा भाग पश्चिम रेल्वेत आणि भुसावळकडचा मध्य रेल्वेत मोडतो, हा बारकावा वरवर कारकुनी वाटतो. पण वेळापत्रके दोन वेगळ्या ठिकाणी ठरतात आणि जोडगाडी हुकते ती याच सांध्यावर.

वेग आणि क्षमता

जगातली पहिली अतिवेगवान रेल्वे जपानमध्ये १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते ओसाका अशी सुरू झाली. अंतर ५१५ कि.मी. आणि कमाल वेग ताशी २१० कि.मी. मुंबई ते भुसावळ हे अंतर त्याहून थोडे कमी, सुमारे ४४५ कि.मी. आहे. टोकियो–ओसाका आज अडीच तासांच्या आत होते. मुंबई–जळगावला चांगल्या एक्सप्रेसने सहा-सात तास मोडतात. यात कसारा घाटाचा वाटा मोठा. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट असा तीव्र असल्याने गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. पण त्याहून मोठे कारण गर्दीचे आहे. एकाच रुळावरून राजधानी, पॅसेंजर आणि कोळशाची मालगाडी धावली, तर सर्वांचा वेग शेवटी मालगाडीच ठरवते. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत भुसावळ-जळगाव-मनमाडमार्गे सुरू झाली. ८८१ कि.मी.ला ती सुमारे बारा तास घेते, म्हणजे सरासरी वेग ताशी ७३ कि.मी.च्या आसपास. डबा ताशी १६० कि.मी.चा असला तरी वाट तेवढी मोकळी नाही.

जपानने नवा मार्ग बांधला तो मुळात जुना मार्ग तुंबला म्हणून. जलद प्रवासी गाड्या वेगळ्या झाल्या आणि जुना मार्ग माल व स्थानिक गाड्यांना मोकळा झाला. खानदेशासाठी हाच धडा सर्वांत मोलाचा आहे, पण बुलेट ट्रेनच्या चकचकीत चित्रांमागे तो हटकून झाकला जातो.

थांब्याचे अर्थशास्त्र

वेगवान रेल्वेने मधल्या गावांचा विकास होतो का, याचे उत्तर थांब्यात आहे. स्पेनमध्ये माद्रिद–सेव्हिल मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला आणि सिउदाद रिआल या लहान शहराला त्यावर स्थानक मिळाले. गावात राहून तासाभरात माद्रिदला नोकरीला जाणारा एक वर्गच तिथे तयार झाला. भुसावळ-जळगाव, पाचोरा-जळगाव किंवा चाळीसगाव-नाशिक असे रोज ‘अप-डाऊन’ करणारे शिक्षक, बँकवाले आणि विद्यार्थी यांना यात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच, की त्यांचा पल्ला पासाच्या पैशात आणि पॅसेंजरच्या वेळेत बसेल तेवढाच असतो. वेग वाढला की पल्ला वाढतो. मात्र तिकीट पासासारखे परवडले नाही, तर तो वाढलेला पल्ला कागदावरच राहतो.

उलट उदाहरण फ्रान्सचे. पॅरिस–लील मार्गावर १९९४ मध्ये ओत-पिकार्दी नावाचे स्थानक कुठल्याच मोठ्या शहरात नव्हे, तर मोकळ्या शिवारात बांधले. जवळच्या शहरांकडून त्याला जुन्या रेल्वेची जोड नव्हती. भोवताली बिटाची शेते असल्याने लोकांनी त्याचे नाव ‘बिटांचे स्टेशन’ पाडले. केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या वावरात असे स्थानक उभे राहिले, तर खानदेशात त्याला कोणते नाव पडेल याची कल्पना करायला हरकत नाही. जपानमध्ये काकेगावा या गावच्या लोकांनी तर वर्गणी काढून आपल्याकडे स्थानक आणले. ते १९८८ मध्ये सुरू झाले. थांब्यासाठी निवेदने देणाऱ्या आणि रुळावर बसणाऱ्या आपल्याकडच्या प्रवासी संघटनांचे ते लांबचे भाऊबंदच.

मोठे शहर जवळ आले की लहान शहराची गिऱ्हाइके तिकडे ओढली जातात, हा धोकाही आहे. जपानी अभ्यासक याला सरबताच्या नळीची उपमा देतात: नळी दोन्ही भांड्यांत असते, पण ओढणारे तोंड एकाच बाजूला. जळगावच्या सराफ बाजाराला त्याची भीती कमी. तिथे गिऱ्हाईक लांबून, भरवशाने येते. पण दवाखाने, कोचिंग क्लास आणि तयार कपड्यांची दुकाने यांचे तसे नाही.

सुरतची वाट

खानदेशाला अतिवेगवान रेल्वे प्रत्यक्ष भेटेल ती सुरतेत. मुंबई–अहमदाबाद मार्ग ५०८ कि.मी.चा असून त्यावर बारा स्थानके आहेत. गाड्यांचा नियोजित वेग ताशी ३२० कि.मी. असून तंत्रज्ञान आणि कर्जाचा मोठा हिस्सा जपानचा आहे. पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादला झाली. या मार्गावरचा पहिला पोलादी पूल, ७० मीटर लांबीचा, सुरतेजवळ राष्ट्रीय महामार्ग ५३ वर २०२३ मध्ये चढवला गेला. हा तोच महामार्ग, जो नवापूर, धुळे, जळगाव, भुसावळ असा खानदेश आडवा कापत जातो. सुरतेला ट्रकने किंवा खासगी बसने जाणाऱ्या खानदेशी माणसाने बुलेट ट्रेन आधी पाहिली ती अशी, डोक्यावरून जाणारा पूल म्हणून.

आणि असा माणूस एखाददुसरा नाही. सुरतेतल्या उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत माग आणि साड्यांच्या धंद्यात राबणारी हजारो खानदेशी कुटुंबे आहेत. तिथल्या गल्ल्यांत खानदेशची बोली अहिराणी सर्रास ऐकू येते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी निघाल्या किंवा लग्नसराई लागली की नंदुरबारकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. या प्रवाशांना ताशी ३२० कि.मी. वेगापेक्षा चार जादा जनरल डबे अधिक उपयोगाचे, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मुंबईला जाणाऱ्याचा हिशेब थोडा वेगळा पडेल. नंदुरबार ते सुरत सुमारे १६० कि.मी. आहे. जुन्या गाडीने अडीच-तीन तासांत सुरत आणि पुढे बुलेट ट्रेनने तासाभरात मुंबई, हे जमण्यासारखे आहे. मात्र बुलेट ट्रेनचे सुरत स्थानक जुन्या स्थानकापासून दूर, अंत्रोलीला आहे. तापी मार्गावरून येणाऱ्या प्रवाशाला तिथे पोहोचायला रिक्षाच करावी लागली, तर वाचलेली अर्धी वेळ रस्त्यातच जाईल.

बुलेट ट्रेन स्वतः नंदुरबारपर्यंत येऊ शकत नाही, याचे कारण रुळांच्या रुंदीत आहे. तिचा मार्ग १,४३५ मि.मी.चा, तर भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मि.मी.चा. फ्रान्समध्ये वेगवान गाडी जुन्या रुळांवर उतरून लहान गावापर्यंत जाते, कारण तिथे रुंदी एकच आहे. खानदेशाला रुंदीच्या या अडचणीची जुनी ओळख आहे. पाचोरा–जामनेर ही ५६ कि.मी.ची ७६२ मि.मी. रुंदीची नॅरोगेज, लोकांच्या तोंडची ‘पीजे’, शतकभर शेंदुर्णी-पहूरच्या माणसांना पाचोऱ्याला गाडी बदलायला लावत होती. २०२० मध्ये ती बंद पडली आणि आता तिथे ब्रॉडगेज टाकून मार्ग बोदवडपर्यंत नेण्याचे काम हाती घेतले आहे.

माल

खानदेशाची संपत्ती रुळांवरून जाते ती मुख्यतः मालाच्या रूपात. रावेर, सावदा, यावल पट्ट्यातली केळी वर्षानुवर्षे रेल्वेने दिल्लीच्या बाजारात जात आली आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. केळीचे घड हिरवेच कापतात. बागेतून ट्रॅक्टर निघाल्यापासून वाघिणीचे, म्हणजे मालडब्याचे, दार लागेपर्यंत सगळी धावपळ उन्हाशी असते, आणि मे महिन्यात रावेर-सावद्याचे ऊन कुणाला वेगळे सांगायला नको. घड एकावर एक दाबले गेले किंवा गाडी स्थानकाबाहेर आउटर सिग्नलला अडकून पडली की साल काळवंडते आणि भाव पडतो. शेतकऱ्याला हवी असते वेळेवर मिळणारी रिकामी वाघीण आणि वेळेवर पोहोचणारी गाडी. ऑगस्ट २०२० मध्ये देवळाली–दानापूर ही शेतमालासाठीची पहिली किसान रेल जळगाव-भुसावळच्या मुख्य मार्गावरून धावली. अतिवेगवान मार्गावर सहसा माल चालत नाही. त्याचा फायदा झालाच तर जुन्या रुळांवर जागा मोकळी झाल्याने, म्हणजे आडवळणाने होतो. नंदुरबारची मिरची आणि जळगावची डाळ यांनाही हेच लागू आहे.

मंजूर कामे

या दृष्टीने खानदेशातले खरे बदल बुलेट ट्रेनच्या बातम्यांखाली दबलेले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जळगाव–मनमाड चौथी मार्गिका (१६० कि.मी.) आणि भुसावळ–खंडवा तिसरी व चौथी मार्गिका (१३१ कि.मी.) यांना मंजुरी दिली. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड–इंदूर या ३०९ कि.मी.च्या नव्या मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधव्याकडून जाणारी ही वाट खानदेश-माळव्यात कित्येक पिढ्या निवडणुकीच्या भाषणांत ऐकली गेली होती. तिचाच एक तुकडा बोरविहीर ते नरडाणा असा आहे आणि त्याची पायाभरणी फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात झाली. बोरविहीर हे चाळीसगाव–धुळे फाट्यावरचे लहानसे स्थानक, तर नरडाणा तापी मार्गावरचे. हे दोन बिंदू जोडले गेले की १९०० पासून धुळ्यात संपणाऱ्या रुळांना पुढे सुरतेची वाट मिळेल.