मोरोक्कोतले निवृत्त परदेशी: घराच्या कागदामागचा इतिहास

निवृत्तीनंतर मोरोक्कोत घर करणाऱ्या परदेशी मंडळींत फ्रेंचांचा भरणा मोठा. माराकेश, एसाविरा, अगादीर, फेझ, टँजिअर ही त्यांची ठरलेली ठिकाणे. हवा, स्वस्ताई आणि फ्रेंच भाषेवर निभावून जाणारे व्यवहार ही कारणे सर्वांना ठाऊक आहेत. घराची मालकी, पाहुण्यांच्या खोल्या, सामाईक भिंतीतली ओल हे या लोकांचे रोजचे प्रश्न मात्र 1912-13 मध्ये घेतलेल्या दोन निर्णयांपर्यंत मागे जातात, हे फारसे सांगितले जात नाही.

त्याआधी परदेशी नव्हते असे नाही. टँजिअरमध्ये वकिलाती आणि व्यापारी होतेच. पण मार्च 1912 च्या फेझ तहाने फ्रेंच अंमल आला आणि चित्र बदलले. नव्या प्रशासनाने जुन्या तटबंद शहरांना, म्हणजे मदीनांना, हात न लावता त्यांच्या बाहेर युरोपीयांसाठी नवी शहरे आखली. पाठोपाठ 12 ऑगस्ट 1913 च्या फर्मानाने जमीन नोंदणी सुरू झाली. तिचा साचा दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 मध्ये निघालेल्या पद्धतीचा. मिळकतीची मोजणी होते, हरकती ऐकल्या जातात, आणि एकदा ‘तीत्र’, म्हणजे हक्कपत्र, निघाले की त्याआधीचे सगळे दावे संपतात. आपला सातबारा महसुली नोंद आहे, मालकीची हमी नाही. तीत्र ही हमीच आहे.

खरी गोम ही की नोंदणी ऐच्छिक ठेवली गेली. वसाहतवाल्यांनी शेते आणि नव्या शहरांतले भूखंड भराभर नोंदवून घेतले. मदीनेतली घरे बहुतांश ‘मेल्क’, म्हणजे नोंदणीविना जुन्या दस्तांवर चालणारी खासगी मालकीची, राहिली. परंपरेचा मान राखला, असे या निर्णयाचे समर्थन आजही केले जाते. प्रत्यक्षात एकाच देशात दोन दर्जांची मालकी तयार झाली आणि भक्कम दर्जा बाहेरून आलेल्यांच्या वाट्याला गेला. ऐंशी-नव्वद वर्षांनी परदेशी लोक नेमके मदीनेतच घर घ्यायला आले, तेव्हा तो निर्णय त्यांच्यासमोर उभा राहिला.

मेल्क घराचा कागद अदूल लिहितात. हे पारंपरिक लेखप्रमाणक असतात आणि दोघे मिळून दस्त करतात. जुन्या दस्तांची साखळी तुटलेली असेल तर बारा साक्षीदारांच्या जबानीवर ‘मेल्किया’ तयार होते. अमुक माणूस या घरात उघडपणे, मालकासारखा आणि बिनविरोध राहतो आहे, असे ते सांगतात. परक्यांमध्ये असा ताबा दहा वर्षांचा लागतो, नातेवाइकांमध्ये चाळीस. ही पद्धत मुळात वाईट नाही. गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखत होते तोवर ती उत्तम चालली. घेणारा परका आणि वारस लियोन-ब्रसेल्सपर्यंत पांगलेले, अशी वेळ आली की ती कोलमडते. तीन पिढ्यांत वाटणी न झालेल्या घरात विधवेचा आठवा हिस्सा, मुलाच्या निम्मा मुलीचा, असे अपूर्णांकांचे जाळे असते. सहहिस्सेदाराला ‘शुफा’चा, म्हणजे आधी विकत घेण्याचा, हक्क असतो. एक बहीण सहीविना राहिली तर ती पैसे भरून विकला गेलेला हिस्सा स्वतःकडे घेऊ शकते. शिवाय वरची खोली शेजाऱ्याच्या छतावर असू शकते, आणि त्या खोलीखालची जागा वक्फची. वक्फला तिथे ‘हबूस’ म्हणतात, आणि त्यावरचे वापराचे हक्क वेगळे विकले जातात.

म्हणून जाणकार खरेदीदार आधी सगळ्या वारसांच्या सह्या घेतात आणि मग तीत्रसाठी अर्ज करतात. अर्जाचा गोषवारा सरकारी राजपत्रात छापला जातो, सीमांकन होते, आणि सीमांकन पूर्ण झाल्याची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिने हरकती घेता येतात. हरकत आली की प्रकरण न्यायालयात जाते. तिथे ते किती वर्षे राहील, हे कोणी सांगू शकत नाही.

शहराबाहेर अडचण निराळी आहे. मार्च 1973 मध्ये परदेशी लोकांची शेतजमीन सरकारजमा झाली. आजही परदेशी व्यक्तीला शेतजमीन घेता येत नाही. माराकेशबाहेर बागेसह बंगला हवा असेल तर जमीन बिगरशेती असल्याचा दाखला आधी हातात असावा लागतो.

पैशाचे नियम यानंतरचे आहेत, आणि त्यांत सर्वाधिक घोटाळा होतो. परदेशातून आलेले निवृत्तिवेतन कायमचे अरूपांतरणीय, म्हणजे पुन्हा परकीय चलनात न बदलता येणाऱ्या, दिर्हममध्ये बदलले, तर त्यावरच्या आयकरात 80 टक्के कपात मिळते. त्यासाठी वेतन देणाऱ्याचा दाखला लागतो, तसेच आलेले परकीय चलन आणि त्याचे दिर्हममधले मूल्य दाखवणारे बँकेचे प्रमाणपत्रही. रक्कम रूपांतरणीय खात्यात पडून राहिली तर तेवढ्यापुरती सूट नाही. घराच्या पैशाचे उलटे आहे. तो परकीय चलनात आल्याचा पुरावा जपला, तरच पुढे विक्रीची रक्कम देशाबाहेर नेता येते. किमतीचा काही भाग ‘काळ्यात’ दिला तर तो कागदावर येत नाही आणि परतही जात नाही. वर विक्रीच्या वेळी नफा फुगलेला दिसतो आणि त्यावर 20 टक्के कर बसतो.

1990 च्या दशकाच्या शेवटी एका फ्रेंच दूरचित्रवाणी कार्यक्रमाने माराकेशमधली स्वस्त रियादे, म्हणजे अंगणाभोवतीची जुनी घरे, घराघरांत पोचवली आणि खरेदीची लाट आली. मित्रांसाठी ठेवलेली खोली हळूहळू पैसे घेऊन दिली जाऊ लागली. 2002 च्या पर्यटन-निवास कायद्याने अतिथिगृहाला स्वतंत्र वर्ग दिला आणि 2015 च्या कायद्याने चौकट नव्याने बांधली. पैसे घेऊन पाहुणा ठेवायचा तर परवाना, पाहुण्याची पोलिसांकडे नोंद आणि पर्यटन कर हे सगळे आले.

पाहुण्यांचा सर्वाधिक भार घराच्या भिंतींवर पडतो. एका शौचकूपासाठी आखलेल्या घरात पाच न्हाणीघरे बसवली की जुनी मोरी तुंबते, वरच्या मजल्यावरची गळती सामाईक भिंतीत उतरते आणि शेजारी तक्रार करतो. न्हाणीघरात तादेलाक्त हा माराकेशचा चुन्याचा गिलावा वापरतात. तो ओला असतानाच गुळगुळीत गोट्याने घोटतात आणि ऑलिव्ह तेलाच्या काळ्या साबणाने माखतात. साबण चुन्याशी संयोग पावतो आणि पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. गिलावा उन्हात किंवा वाऱ्यात लवकर वाळला तर तडे जातात. आम्लयुक्त सफाईद्रव वापरले तर चकाकी कायमची जाते, म्हणून मोलकरणीच्या हाती फक्त काळा साबण द्यावा. मातीच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवणे ही त्याहून मोठी चूक. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते.

घरांच्या मालकीसारखी कलेची वाटणीही फ्रेंच अंमलाच्याच काळातली. फ्रेंच प्रशासनाने ‘देशी कला’ सांभाळण्यासाठी खाते काढले, गालिचे आणि कुंभारकामाचे जुने नमुने जपले, पण त्यामुळे मोरोक्कन माणूस कारागीर आणि युरोपीय माणूस चित्रकार ही विभागणी पक्की झाली. मे 1969 मध्ये कासाब्लांकाच्या कलाशाळेतल्या शिक्षकांनी माराकेशच्या जमा अल-फना चौकात उघड्यावर चित्रे टांगून तिला जाहीर नकार दिला. 1978 पासून असिलाच्या भिंती रंगू लागल्या. 1988 मध्ये एका डॅनिश रहिवाशाने एसाविरात गॅलरी उघडली आणि औपचारिक शिक्षण नसलेल्या स्थानिक चित्रकारांना मोठा ग्राहक मिळाला. त्यांच्या चित्रांत ग्नावा संगीताचे, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशजांच्या विधी-संगीताचे, विश्व ठळक दिसते. निवृत्त परदेशी रहिवासी आजही तिथे चित्रे घेतात. चित्र थेट चित्रकाराकडून घ्यावे आणि सही व तारखेची पावती मागावी. जुने कोरीव दार किंवा छताची रंगीत फळी घेताना मात्र थांबावे. ती बहुधा मदीनेतल्याच एखाद्या घरातून उखडलेली असते, आणि 1980 च्या कायद्यानुसार पुरातन वस्तू परवान्याविना देशाबाहेर नेता येत नाहीत.