लॅपटॉपला ठिकाण कळतं कसं?

लातूरला नोकरी आणि शनिवार-रविवार उदगीरला घरी, अशी ये-जा करणारे पुष्कळ जण आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची एक ठाम समजूत असते: लॅपटॉपला जीपीएसवरून जागा कळते, म्हणून तो हापिसात हापिसाची आणि घरी घरची सेटिंग लावतो. पण बहुतेक लॅपटॉपांत जीपीएसची चिप नसतेच. उपग्रह बिचारे यात कुठंच नाहीत.

वाय-फाय जोडणं तसं सोपं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत सांगत असतो. ते जुन्या यादीत सापडलं की लॅपटॉप साठवलेला पासवर्ड वापरून जोडणी करतो. पण नाव कोणीही कोणतंही ठेवू शकतं, आणि केबल लावली तर नावच नसतं. आयपी पत्त्याचाही, म्हणजे जाळ्यात प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या क्रमांकाचाही, भरवसा नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत, त्यामुळं उदगीरच्या घरातला राउटर १९२.१६८.१.१ असतो आणि परभणीतल्या झेरॉक्सच्या दुकानातलाही तोच.

खरी खूण म्हणजे राउटरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक. हा ४८ बिटांचा (बिट म्हणजे शून्य किंवा एक); त्यातले पहिले २४ बिट सहसा बनवणाऱ्या कंपनीचे. एकूण शक्यता सुमारे २८१ लाख कोटी, म्हणून दोन राउटरांचे पत्ते सहसा जुळत नाहीत.

आता यातली खरी गंमत. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधायची एआरपी नावाची रीत १९८२ पासून आहे. एरवी ही हाक जाळ्यातल्या सगळ्यांना जाते: ‘१९२.१६८.१.१ कोणाकडं आहे?’ इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या कागदांत असतात; त्यातल्या २००६ च्या आरएफसी ४४३६ या मानकानं तिचा वेगळाच उपयोग सुचवला. झाकण उघडल्यावर लॅपटॉप ही हाक सगळ्यांना न देता थेट जुन्या राउटरच्या मॅक पत्त्यावर पाठवतो. अंधाऱ्या बोळात शिरून ‘अण्णा, हायत का घरी?’ म्हणावं तसं. ओळखीचा आवाज आला तर बोळ तोच. जागा बदलली असेल, तर नव्या राउटरचा आयपी तोच असला तरी हाकेच्या पाकिटावरचा मॅक पत्ता त्याचा नाही. तो ते उचलत नाही. उत्तर आलं तर जुना आयपी पत्ता, त्याची मुदत संपलेली नसेल तर, लगेच वापरता येतो. नवा आयपी पत्ता मागून घ्यायच्या डीएचसीपी या रीतीची चार निरोपांची देवाणघेवाण पुरी होईस्तोवर थांबावं लागत नाही.

विंडोजही राउटरचा मॅक पत्ता नोंदवून ठेवतं. वळवाच्या पावसात वीज पडून दुकानातला राउटर जळाला आणि नवा बसवला, की स्क्रीनवर ‘नेटवर्क २’ उगवतं ते म्हणूनच. जागा तीच, केबल तीच, पण विंडोजच्या लेखी हे परकं जाळं. ते ‘पब्लिक’ धरलं गेलं की बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी फायरवॉल कडक होते आणि शेजारच्या टेबलावरून शेअर केलेला प्रिंटर दिसेनासा होतो. इथं दोष प्रिंटरचा नसतो आणि राउटर ईशान्येला नसल्याचाही नसतो. रेडिओ लहरींना भिंतीची जाडी कळते, वास्तुशास्त्र कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते जाळं ‘प्रायव्हेट’ करायचं, बस्स.

इतकं असूनही एक गोष्ट विंडोज जागेनुसार बदलत नाही: हातानं भरलेला प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची ये-जा ज्याच्यामार्फत होते त्या मधल्या सर्व्हरचा पत्ता. आयपी आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा) प्रत्येक वाय-फायसाठी वेगळे ठेवता येतात, प्रॉक्सी मात्र सगळीकडं एकच. कॉलेजात भरलेला प्रॉक्सी घरी तसाच राहतो, ब्राउझर उघडत नाही आणि शिव्या खातो केबलवाला. ॲपलच्या मॅक संगणकात ‘लोकेशन’ नावाचे सेटिंगांचे संच करता येतात, पण ते मेनूतून आपणच बदलायचे. लिनक्सवर जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्क-मॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरात छोटी स्क्रिप्ट टाकली, तर जाळं जोडलं जाताच ती आपोआप चालते आणि राउटरचा मॅक पत्ता पाहून प्रॉक्सी लावते किंवा काढते. मात्र मॅक पत्ता खोटाही दाखवता येतो. त्यामुळं अशा स्क्रिप्टला प्रॉक्सी बदलू द्यावा, फायरवॉल उघडायचं काम तिच्यावर सोपवू नये.