सशांची पेडिग्री

सशांची पेडिग्री म्हणजे एखाद्या सशाच्या मागच्या पिढ्यांची लेखी नोंद, जातिवंत सशांच्या पैदाशीत आणि खरेदी-विक्रीत चालणारी. साधारण तीन पिढ्या दाखवतात, म्हणजे आई-बाप, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा असे मिळून १४ पूर्वज, बापाची बाजू वर आणि आईची खाली. प्रत्येकाचं नाव, कानातला नंबर, रंग, पूर्ण वाढ झाल्यावरचं वजन, आणि असलंच तर रजिस्ट्रेशन नंबर नि शोमधली बक्षिसं. घोड्या-कुत्र्यांच्या पेडिग्रीशी हिची तुलना नेहमी होते पण ती जरा फसवी आहे, कारण तिकडे मूळ वही कुठल्यातरी संस्थेच्या ताब्यात असते, आणि सशाचा कागद बऱ्याच ठिकाणी ज्याने पैदास केली तोच भरतो आणि तोच खाली सही करतो.

उगम : वंशनोंदींची पद्धत सशांच्या लोकांनी शोधलेली नाही. इंग्लंडात शर्यतीच्या घोड्यांचं जनरल स्टडबुक १७९१ च्या सुमारास आलं, शॉर्टहॉर्न गायींचं कोट्सचं हर्डबुक १८२२ मध्ये, आणि त्यांचं बघून पुढे कुत्री, कोंबड्या, ससे असं ते लोण पसरलं असा एक विचार आहे. दुसरं मत असं की सशांची परंपरा हर्डबुकमधून आलीच नाही, ती शोमधून आली, म्हणजे आधी टेबलावर कान मोजायचे आणि मग हा कोणाचा म्हणून विचारायचं. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे कारण आजही शोमध्ये जजसमोर कागद येत नाही. 'आमची जात फार जुनी' या दाव्यांकडेही जरा सांभाळूनच बघावं, आज ज्यांना आपण जाती म्हणतो त्या बहुतेक गेल्या २०० वर्षांतल्या आहेत. इ.स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने सशाची कोवळी पिल्लं उपवासाला चालतात असं सांगितलं आणि तिथून ससा पाळीव झाला ही कथा कितीतरी पुस्तकांत एकमेकांवरून उतरलेली आहे, ती मुळात वेगळ्याच ग्रेगरीच्या म्हणजे तूरच्या ग्रेगरीच्या लिखाणावरून गोंधळाने निघाली असं २०१८ मध्ये आयर्व्हिंग-पीझ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

हिमालयन जातीचा वाद इथे मुद्दाम बघण्यासारखा आहे. पांढरं अंग नि काळे कान-नाक-पाय-शेपूट असलेला हा ससा काही काळ वेगळी प्रजातीच समजला गेला, कोणी त्याला हिमालयातला म्हटलं, कोणी चीनचा, कोणी रशियाचा. चार्ल्स डार्विनने १८६८ च्या पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात अशी माहिती दिली की सिल्व्हर ग्रे आणि चिंचिला रंगाच्या सशांच्या संकरातून असली पिल्लं अचानक निघतात आणि आपसात जुळवली की तशीच होत राहतात. भौगोलिक कथांपेक्षा हे मत टिकलं आणि त्याचं कारण पुढे जनुकशास्त्राने दिलं. १९०५ मध्ये इंग्लंडात हर्स्टने आणि अमेरिकेत कॅसलने सशांच्या रंगावर मेंडेलचे नियम लावून बघितले, हिमालयन हा पूर्ण रंगापुढे सुप्त गुण निघाला, एका बाजूने जरी पूर्ण रंग आला तरी तो दिसत नाही. आता यात पेडिग्रीची खरी मर्यादा आहे. ज्या जोडीला असं पिल्लू झालं त्यांच्या कागदावर, कागद असता तर, सगळे पूर्वज सिल्व्हर ग्रे नाहीतर चिंचिला लिहिलेले असते आणि एकही अक्षर खोटं नसतं, तरी पिल्लू पांढरं. रेक्सचंही तसंच, १९१९ मध्ये फ्रान्सच्या सार्त भागात साध्या सशांच्या वेतात आखूड मखमली केसांची पिल्लं निघाली आणि आबे (म्हणजे पाद्री) जिले यांनी ती वाढवून जात पक्की केली.

अमेरिकेत १९०० च्या आगेमागे बेल्जियन हेअर या सशाच्या जातीची जी लाट आली, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, तेव्हा इंग्लंडहून आणलेल्या नामांकित नरांच्या वंशावर किमती शेकडो डॉलरपर्यंत गेल्या. दोन-तीन वर्षांत बाजार बसला. ससा महिन्याभरात वितो हे बहुतेक गुंतवणूकदारांनी हिशेबात धरलंच नव्हतं, वंश कितीही मोठा असला तरी वर्षात त्याची डझनावारी भावंडं तयार.

संस्था आणि नियम : अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन, सगळे आर्बाच म्हणतात, १९१० पासून चालत आलेली आहे (सुरुवातीला नाव वेगळं होतं). तिच्या शोमध्ये उतरायला पेडिग्री लागत नाही, डाव्या कानात कायमचा टॅटू लागतो, बस. जज समोरचा ससा बघतो, त्याच्या आजोबाला नाही. रजिस्ट्रेशनला मात्र तीन पिढ्यांचा पूर्ण कागद लागतो, ससा सहा महिन्यांचा तरी हवा आणि लायसन्स असलेला रजिस्ट्रार त्याला हातात घेऊन तपासतो, वजन करतो, मग उजव्या कानात रजिस्ट्रेशनची खूण. आई-बाप दोन्ही रजिस्टर्ड असतील तर सर्टिफिकेटवर लाल सील, आजी-आजोबाही असतील तर लाल-पांढरं, तिन्ही पिढ्या असतील तर लाल-पांढरं-निळं. ग्रँड चँपियनसाठी तीन लेग (म्हणजे शोमधल्या विजयाची प्रमाणपत्रं) लागतात, निदान दोन वेगळ्या जजकडून, आणि ससा रजिस्टर्ड पाहिजे, म्हणजे वरच्या पायरीला कागद मागच्या दाराने येतोच. शुद्ध जात म्हणजे तरी काय, तर कागदावरचे १४ च्या १४ त्याच जातीचे. पंधराव्या नंबरला दुसरी जात असली तरी नियमात बसतं, आणि नवे रंग आणणारे लोक हेच करतात, एकदा दुसऱ्या जातीशी जुळवायचं नि पुढच्या पिढ्या धीर धरायचा.

ब्रिटनमध्ये ब्रिटिश रॅबिट कौन्सिल १९३४ ची, तिथे भर कागदावर नाही तर रिंगवर आहे. दोनेक महिन्यांच्या पिल्लाच्या मागच्या पायात नंबरची धातूची रिंग सरकवतात, पाय वाढला की ती ना निघते ना नवी घालता येते. ती वय सांगते, कोणाच्या नावावर आहे ते सांगते, बाप कोण ते सांगत नाही. जर्मनीत दोन्ही कानांत टॅटू, उजव्यात क्लबची खूण नि डाव्यात जन्माचा महिना, सालाचा शेवटचा आकडा आणि अनुक्रमांक, आणि ही नोंद क्लबच्या वहीत होते. तिन्हींत विश्वासाला सगळ्यात बरी हीच वाटते, कारण लिहिणारा नि विकणारा एकच नसतो.

चूक कुठे होते : खोटेपणा असतोच, पण जास्त घोळ पिंजऱ्यातच होतो. बरेच ब्रीडर दोन-तीन माद्या एकाच दिवशी लावतात, म्हणजे एकीला बारा पिल्लं झाली नि दुसरीला तीन, तर चार उचलून तिकडे ठेवता येतात. काम चांगलं, पिल्लं जगतात. पण सगळी पांढरीच असली तर दहाव्या दिवशी कोण कोणाचं ते सांगता येत नाही, म्हणून जाणकार लोक वेगळ्या रंगाचीच हलवतात किंवा कानात मार्करने ठिपका देऊन तो पुसला की परत देतात, आणि आईपासून तोडायच्या आधी टॅटू करतात. एकाच माजात दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लंही होऊ शकतात. डीएनएवरून बाप ठरवता येतो, छंदाच्या पैदाशीत तो खर्च सहसा कोणी करत नाही.

पैदाशीतला उपयोग : रंग, कान, केस हे डोळ्यांना दिसतं, त्यासाठी कागदापेक्षा ससा बघितलेला बरा. कागद लागतो तो न दिसणाऱ्यासाठी. लाल डोळ्यांच्या पांढऱ्या सशाखाली कुठला रंग दडलाय हे ससा बघून कळत नाही, मागचे रंग वाचून अंदाज येतो. नेदरलँड ड्वार्फमध्ये बुटकेपणाचं जनुक दोन्हीकडून आलं तर पिल्लू काही दिवसांत मरतं, त्यामुळे एकेरी जनुकाचे दोन बुटके जुळवले की सरासरी चौथा हिस्सा गेला. म्हणून कागदात एखादी आजी वजनाच्या मर्यादेबाहेर दिसली तर नवखा नाक मुरडतो आणि मुरलेला खूश होतो, कारण मोठ्या मादीकडे ते जनुकच नसतं. इंग्लिश स्पॉटमध्ये जवळजवळ पांढरा 'चार्ली' शोला चालत नाही, पचनाचाही त्रास असतो, पण एकरंगी मादीशी लावला तर सगळी पिल्लं ठिपक्यांची. अशा ठिकाणी बक्षिसांच्या कॉलमपेक्षा वजन नि रंगाचा कॉलम महत्त्वाचा, आणि नेमका तोच बऱ्याच कागदांवर रिकामा असतो.

लाइनब्रीडिंगला, म्हणजे एखाद्या चांगल्या पूर्वजाचा वंश धरून नात्यातच जुळवण्याला, तर कागदाशिवाय गत्यंतर नाही. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत इनब्रीडिंग गुणांक (नात्यातल्या पैदाशीचं माप) २५ टक्के, सावत्रांत १२.५, हा हिशेब जनुकशास्त्रज्ञ राइटने १९२२ मध्ये मांडलेला आहे आणि त्याला पूर्वज माहीत पाहिजेत. वेतात किती पिल्लं होतात याची आनुवंशिकता तर फारच कमी, साधारण ०.१ च्या आसपास, म्हणजे एका मादीच्या एका वेतावरून काहीच ठरत नाही, आई-मावश्या-बहिणी सगळ्यांची वेतं धरावी लागतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या मांसाच्या वाणांची निवड अशीच होते. तिथे वंशनोंद शेकडो जनावरांचा डेटा असतो, भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट नाही.

विक्री : घरात पाळायला नेणाऱ्याला आणि मांसासाठी नेणाऱ्याला पेडिग्रीचा उपयोग नाही, त्याच पिंजऱ्यातला ससा कागदाशिवाय कमी किमतीत जातो आणि पुष्कळ ब्रीडर मुद्दाम कागद देत नाहीत, दोष असलेल्या जनावरावर आपल्या नावाने पुढे पैदास नको म्हणून. शोवाला गिऱ्हाईक मात्र कागद मागतोच. घेताना कानातला नंबर कागदाशी जुळतो का हे तिथेच बघायचं, आणि कागद नंतर पाठवतो म्हटलं की किंमतही नंतरच द्यायची. बिनकागदाचा चांगला ससा वाया जात नाही. त्याला कागद असलेली जोडी देत आपणच नोंदी ठेवल्या की तो पुढच्या कागदांवर मागे मागे सरकत जातो आणि त्याच्या पणतवंडांचा तीन पिढ्यांचा कागद पूर्ण भरतो, सशांच्या वेगाने साधारण दोन वर्षांत.