शेतीशाळेतली गोणपाटाची गुंडाळी

मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की मराठवाड्यात सोयाबीन पेरण्याची घाई सुरू होते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला बहुतेकांना तोंडपाठ असतो. तरी शेजारच्या शेतात पेरणी सुरू झालेली दिसली की धीर सुटतो, आणि पुढे पावसाने खंड दिला तर दुबार पेरणी अटळ ठरते. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार राज्यात शेतकऱ्याकडे सरासरी 1.34 हेक्टर जमीन आहे. एवढ्याशा तुकड्यावर नवी पद्धत करून पाहायला तो कचरतो, यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही.

म्हणूनच सल्ला नुसता सांगून भागत नाही, तो शेतात दाखवावा लागतो. शेतीशाळा, म्हणजे शेतकऱ्यांनी शेतातच एकत्र येऊन पाहत-करत शिकण्याचा वर्ग, याच विचारातून आली. भातावरील तपकिरी तुडतुडे या किडीच्या बंदोबस्तासाठी ती 1989 मध्ये इंडोनेशियात सुरू झाली. महाराष्ट्रात 2018 पासून राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने तिचा मोठा वापर केला.

पेरणीआधीच्या वर्गात घरच्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात आणि आठवडाभर ओलसर राखतात. उलगडल्यावर निदान सत्तर दाण्यांना निरोगी कोंब हवेत. कमी असतील तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. हे मोजणारा शेतकरी स्वतःच असल्यामुळे निकालावर त्याचा विश्वास बसतो.

रुंद वरंबा सरी, म्हणजेच गावच्या भाषेतली बीबीएफ, हीदेखील अशीच पाहून पटणारी गोष्ट आहे. यात पीक रुंद, उंच वरंब्यावर पेरतात आणि दोन वरंब्यांमध्ये सरी ठेवतात. अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते आणि खंडाच्या काळात मुरलेली ओल पिकाला तारते. काळ्या जमिनीत पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही, पीक पिवळे पडते. शिवाय हवेअभावी जमिनीतले काही जिवाणू नत्राचे (नायट्रोजनचे) रूपांतर नायट्रस ऑक्साइडमध्ये करतात. शंभर वर्षांच्या काळात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापमानवाढ घडवतो. त्यामुळे निचरा आणि नत्राचा बेताचा वापर पिकाच्या आणि हवामानाच्याही हिताचा ठरतो.

सोयाबीनला बराचसा नत्र मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतून मिळवून देतात. फुलोऱ्याच्या सुमारास रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडली, की आतला गुलाबी रंग ती काम करत असल्याचे सांगतो. ही ओळख खुरपणी करणाऱ्या बायकांना आधी करून द्यायला हवी, कारण पिकाच्या सर्वांत जवळ त्याच असतात. पण शेतीशाळेची वेळ ठरवताना त्यांच्या कामाची वेळ फारशी कोणी विचारात घेत नाही.