मृत्तिका खनिजांचे अवरक्त परीक्षण (नाशिकची माती)

मातीतील २ मायक्रॉनहून बारीक खनिजकणांतून अवरक्त किरण सोडून, ते कोणत्या तरंगांकाला (एका सेंटिमीटरमधील तरंगांच्या संख्येला) शोषले जातात यावरून खनिजाची रचना आणि त्याला पूर्वी लागलेली आच ओळखण्याची पद्धत. येथील सर्व तरंगांक प्रति सेंटिमीटर आहेत.

नाशिकची काळी माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनली आहे. तीत स्मेक्टाइट हे पाणी ओढून फुगणारे मृत्तिका खनिज अधिक, म्हणून ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. घाटमाथ्यावरच्या तांबड्या मातीत केओलिनाइट या न फुगणाऱ्या मृत्तिका खनिजाचा वाटा वाढतो. हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजन गटाचा) ३६२० चा शोषण-पट्टा दोन्हींत दिसतो, पण ३६९५ चा पट्टा केओलिनाइटचाच. स्मेक्टाइटमध्ये ९१५ ला ॲल्युमिनियम-ॲल्युमिनियम जोडीचा, ८८० च्या आसपास ॲल्युमिनियम-लोह जोडीचा आणि ८४० ला ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम जोडीचा पट्टा येतो.

इथेच काळी माती फसवते. तिच्यातील चुनखडीचा, म्हणजे कॅल्साइटचा पट्टा ८७५ ला पडतो आणि तो लोहाचा समजला जातो. सोबत १४३० व ७१२ चे पट्टे असतील तर चुना आहेच. तो काढायला तीव्र आम्ल वापरू नये, स्मेक्टाइटचे थर विरघळू लागतात. पीएच ५ चे सोडियम ॲसिटेट-ॲसेटिक आम्लाचे मिश्रण पुरते. सेंद्रिय अंश हायड्रोजन पेरॉक्साइडने जातो. मग माती पाण्यात विखरून २० अंश सेल्सिअसला ८ तास ठेवली, तर वरच्या १० सेंमी थरात २ मायक्रॉनहून बारीक कणच उरतात.

असा सुमारे १ मिग्रॅ नमुना २०० मिग्रॅ कोरड्या पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये हलक्या हाताने खलून १३ मिमीची चकती दाबतात. जोरात खलल्यास केओलिनाइटची रचनाच मोडते, आणि कण भरड राहिल्यास पट्टे वेडेवाकडे येतात. नाशिकच्या पावसाळी हवेत ब्रोमाइड ओल ओढून घेते. ३४०० व १६३० ला दिसणारे पाणी मातीचे की ब्रोमाइडचे, ते कळत नाही. म्हणून भुकटी ११० अंशांवर वाळवावी आणि कोऱ्या चकतीचा आलेख आधी घ्यावा.

आचेचा परिणाम पाहण्यासाठी नमुना १०० अंशांच्या टप्प्याने मफल भट्टीत (प्रयोगशाळेतील बंद भट्टीत) तापवून शुष्कपात्रात (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करतात. २०० अंशांपर्यंत थरांमधले पाणी निघते, पण हवेत ठेवताच बरेचसे परत येते. केओलिनाइटचे हायड्रॉक्सिल ४५० ते ६०० अंशांत जाते, वजन सुमारे १४ टक्के घटते आणि ३६०० च्या वरचे पट्टे व ९१५ चा पट्टा नाहीसे होतात. उरते ते मेटाकेओलिन, म्हणजे रचना विस्कटलेले केओलिनाइट. लोहयुक्त स्मेक्टाइटही साधारण ५०० अंशांना हायड्रॉक्सिल सोडते. ९५० अंशांपलीकडे केओलिनाइटपासून मुलाइट हे नवे खनिज घडू लागते.

नाशिकच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. अशा जुन्या वस्तीतील खापरांची आच याच पद्धतीने अजमावता येते: ९१५ चा पट्टा शिल्लक असेल तर कुंभाराचा आवा ५०० अंशांच्या फारसा वर गेला नव्हता. मात्र शतकानुशतके मातीत पुरलेल्या खापरात हायड्रॉक्सिल थोडे परत शिरते, त्यामुळे ३६२० चा पुसट पट्टा पुरावा म्हणून धरू नये. कॅल्साइटही पुरल्यानंतर जमलेले असू शकते. तापमानासोबत आच किती वेळ राहिली, हेही महत्त्वाचे. म्हणून त्याच परिसरातील माती स्वतः भाजून तिच्याशी तुलना केल्याशिवाय एकच आकडा सांगणे धाडसाचे ठरते.